आधी उजेड ठरवा, मग कापड तपासा

पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर साडीला ब्लाउजपीस मॅच करताना बायका दोन्ही कापडं घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात. आत कितीही दिवे असोत, "बाहेर उजेडात बघते" हे ठरलेलं. याला कुणी नसता चोखंदळपणा म्हणू नये. कापड उद्योगातला गुणवत्ता विभाग नेमकं हेच करतो, फक्त उजेड मोजूनमापून.

दिव्याच्या प्रकाशातले काही तरंग कापड शोषतं, उरलेले परत पाठवतं. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी त्यांची बेरीज करतात. बेरीज सारखी आली की रंग सारखा दिसतो, मग मुळातले आकडे वेगळे का असेनात. म्हणून वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडं ट्यूबखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात फटकून दिसतात. याला मेटामेरिझम म्हणतात. टी-शर्टाचं अंग एकीकडे आणि कॉलर दुसरीकडे रंगवलेली असली की हा घोळ हमखास होतो. तो टाळण्यासाठी आतून राखाडी रंगाची एक पेटी असते. तिच्यात आधी दिवसाच्या उजेडासारखा, ६,५०० केल्विनचा डी६५ दिवा लावतात, मग दुकानातल्या ट्यूबसारखा, मग घरातल्या पिवळ्या बल्बसारखा. सगळ्यांखाली शेड जुळली, तरच पास.

उजेडाइतकीच हवाही ठरवावी लागते, आणि पुण्यात तर ती फारच बदलते. एप्रिलच्या दुपारी इथली हवा कोरडी ठणठणीत असते, जुलैत टॉवेल वाळत नाही. सुती धागा हवेतली वाफ सतत पीत किंवा सोडत असतो. ६५ टक्के आर्द्रतेला त्यात कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे १५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅमचं, सुती कापड उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तसंच वजन केलं तर काही ग्रॅमचा फरक पडतो, एक धागाही कमी-जास्त न होता. ताकदही बदलते: ओलं सूत जास्त ताण सोसतं, ओलं व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, मात्र जवळपास निम्मी ताकद गमावतं. म्हणून प्रयोगशाळेत आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरतात, तापमान २० अंश. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांसाठी २७ अंशांचाही पर्याय आहे. नमुना त्या हवेत मुरला की मगच वजनकाटा.

डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांचा हिशेब त्या मानाने सोपा. तागा उजेडाच्या तिरक्या फळीवरून सरकत जातो. तुटलेला ताणा, गाठ, तेलाचा डाग दिसला की चेकर दोषाच्या लांबीप्रमाणे दंडाचे गुण टाकतो: ३ इंचांपर्यंत १, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्याहून मोठ्याला ४. १०० चौरस यार्डांत ४० च्या वर गुण गेले की बरेच खरेदीदार तागा नाकारतात.

माझ्या मते गिऱ्हाइकाला जास्त फसवतो तो फळीवर न दिसणारा दोष: आटणं. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत कापड लांबीत ताणलेलं असतं. पाण्यात सूत फुगतं, जाड झालेल्या आडव्या धाग्यांना वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते, आणि ती तो कापडाच्या लांबीतूनच काढतो. तपासायला कापडावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखतात, धुऊन वाळवून पुन्हा मोजतात. ४८.५ भरले तर कापड ३ टक्के आटलं. सॅनफोराइज्ड कापड रबरी पट्ट्यावर दाबून कारखान्यातच आटवलेलं असतं. तसा शिक्का नसेल, तर सुती कापड पाण्यातून काढून मगच शिंप्याकडे टाकण्याची आपली जुनी रीत पाळावी. १०० सेंटीमीटर उंचीचा कुर्ता ५ टक्के आटला तर ५ सेंटीमीटर गेले, आणि शिवून झाल्यावर ते परत मिळत नाहीत.