व्हिडिओ रिप्ले (डॉग अ‍ॅजिलिटी)

डॉग अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेत, म्हणजे हँडलरच्या (सोबत धावणाऱ्या माणसाच्या) इशाऱ्यांवर कुत्रा ठरल्या वेळेत अडथळे पार करतो त्या खेळात, जजने दिलेला निर्णय चित्रीकरण परत बघून, बहुधा स्लो मोशनमध्ये, तपासायची पद्धत. बहुतेक संघटनांच्या नियमांत रिंगमधल्या जजचा निर्णयच अंतिम असतो, हँडलरने मित्राच्या मोबाईलवरचा व्हिडिओ नेऊन दाखवला म्हणून फॉल्ट (चुकीबद्दलचा दंडगुण) मागे घेतला जात नाही. त्यामुळे रिप्लेचा उपयोग जज तयार करताना आणि सरावातच जास्त होतो.

जजचा निर्णय तपासायचा प्रश्न का उभा राहिला ते खेळाच्या उगमात सापडतं. फेब्रुवारी 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये प्रेक्षकांसाठी अ‍ॅजिलिटीचं पहिलं प्रात्यक्षिक झालं आणि 1980 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली, इथपर्यंत वाद नाही. श्रेय मात्र कोणी शोच्या कमिटीवरच्या जॉन व्हार्लींना देतं, कोणी प्रत्यक्ष कुत्री तयार करणाऱ्या पीटर मीनवेलना, आणि काहीजण मूळ आणखी मागे, पोलिस आणि लष्करी कुत्र्यांच्या अडथळा-कवायतींपर्यंत नेतात. अडथळ्यांपुरतं हे शेवटचं पटण्यासारखं आहे, पण फॉल्ट, रिफ्युजल (कुत्र्याचं अडथळ्यासमोर अडणं), ठरवून दिलेला वेळ ही सगळी चौकट घोड्यांच्या शोजंपिंगमधून आली हे मत जास्त भक्कम वाटतं. शोजंपिंगमध्ये दांडी पडली की ती मैदानभर सगळ्यांना दिसते. अ‍ॅजिलिटीत त्यात कॉन्टॅक्ट झोनची (पंजा लागलाच पाहिजे अशा रंगवलेल्या भागाची) भर पडली आणि तिथे पडणारं काहीच नसतं, जजला फक्त पंजा टेकला की नाही हे बघायचं असतं.

ए-फ्रेम (दोन बाजूंना उतार असलेली चढण), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सीसॉ (वरखाली होणारी फळी) या तीन अडथळ्यांच्या टोकांना वेगळ्या रंगात, बहुतेकदा पिवळ्या, रंगवलेला भाग असतो आणि उतरताना निदान एका पंजाचा काही भाग तरी तिथे लागावा लागतो, नाहीतर एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत 5 फॉल्ट. वरच्या पातळीवर नंबर सेकंदाच्या शतांशाने ठरतात, तिथे हे 5 फॉल्ट म्हणजे पदक गेलंच. एफसीआयच्या डॉगवॉकवर हा भाग 90 सेंमी. कुत्रा सेकंदाला 6 मीटर वेगाने उतरत असेल तर तो 0.15 सेकंदात पार होतो. स्लोव्हेनियाच्या सिल्व्हिया ट्रकमन यांनी लोकप्रिय केलेल्या रनिंग कॉन्टॅक्टमध्ये कुत्रा टोकाला थांबतच नाही, त्यामुळे जजचं काम आणखी अवघड झालं.

कॅमेऱ्याने हे आपोआप सुटत नाही. सेकंदाला 30 फ्रेमच्या साध्या चित्रीकरणात तोच कुत्रा एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत 20 सेंमी पुढे गेलेला असतो, 120 फ्रेमला 5 सेंमी. त्याहून महत्त्वाचा आहे कोन. कॅमेरा वरून किंवा तिरका असेल तर रंगाच्या वरून हवेतच गेलेला पंजा टेकल्यासारखा दिसतो. कॅमेरा फळीच्या उंचीवर आणि तिला काटकोनात हवा, प्रत्येक झोनला वेगळा हवा, आणि कोर्स (अडथळ्यांची मांडणी) बदलला की सगळे परत मांडायला हवेत. एक जज दिवसभर एकामागून एक कुत्री बघतो अशा गावपातळीच्या ट्रायलला हे झेपणारं नाही, मोठ्या अजिंक्यपद स्पर्धांना झेपू शकतं.

रिफ्युजलचं वेगळं आहे. कुत्रा अडथळ्यासमोर अडला की नुसता पाऊल जुळवत होता हा अंदाजाचा निर्णय, आणि स्लो मोशनमध्ये क्षणभराची चलबिचलही चांगलं थांबल्यासारखी दिसते, म्हणून रिप्ले कॉन्टॅक्टपुरताच ठेवावा हे म्हणणं रास्त आहे. क्रिकेटनेही 1992 मध्ये टीव्ही अंपायर आणला तेव्हा सुरुवात रनआउटसारख्या निव्वळ रेषेच्या निर्णयांपासूनच केली, डरबन कसोटीत त्यावर पहिला बाद झाला सचिन तेंडुलकर.

फ्लायबॉल या कुत्र्यांच्या रिले शर्यतीत सुरुवात आणि अदलाबदलीसाठी सेन्सर आणि दिव्यांची इलेक्ट्रॉनिक जजिंग सिस्टीम वापरतात. अ‍ॅजिलिटीत वेळ सेन्सरने मोजला जातो, कॉन्टॅक्ट मात्र माणूसच बघतो. कोविडच्या काळात अमेरिकन केनेल क्लबने एसीटी (एजिलिटी कोर्स टेस्ट) ही प्राथमिक चाचणी घरी शूट केलेल्या व्हिडिओवरून द्यायची सोय केली होती, पण तिथे जज पहिल्यांदाच व्हिडिओ बघत होता, आधी दिलेला निर्णय तपासत नव्हता.