करंट गळतोय की अडतोय?

पावसाळ्यात गोव्यात मांद्रे-हरमलच्या बाजूला जुनी मोटरसायकल रुसली की निदान ठरलेलं: ‘करंट लीक जाता मरे.’ सकाळी गाडी उठली नाही, तरी लीक. चढावर फटफटायला लागली, तरी लीक. मीही दोन पावसाळे हेच धरून बसलो आणि त्या नादात चांगली बॅटरी काढून नवी घातली. गाडीत फरक शून्य. या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

गळती म्हणजे चावी बंद असताना, गाडी पडवीत उभी असताना बॅटरीतून करंट झिरपत राहणं. वायरचं कव्हर फ्रेमला घासून फाटलेलं असतं, मागाहून जोडलेली एखादी वायर थेट बॅटरीवर घेतलेली असते, किंवा रेक्टिफायरमधला (बॅटरी चार्ज करण्यासाठी करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागातला) डायोड उलट्या दिशेनेही थोडाफार करंट सोडू लागतो. ५० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला त्यांचे १.२ अँपिअर-तास होतात. ५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी चार दिवसांत रिकामी. चतुर्थीला मूळ घरी गेलात, पाच दिवसांनी परतलात आणि हॉर्न नुसता कण्हतोय, तर संशय गळतीवर घ्यावा.

अडथळ्याचं उलट. चावी बंद असताना तो दिसतच नाही. करंट भलतीकडे जात नाही, कॉइलकडेच, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीकडेच जातो. पण वाटेतले कळकलेले जोड व्होल्टेज खातात आणि ते तिथे उष्णता होऊन जातं. असा जोड कधी कधी बोटाला कोमट लागतो. हे बॅटरीवर ठिणगी पडणाऱ्या, पॉइंट-कॉइलच्या गाड्यांचं, म्हणजे जुन्या बुलेटसारख्यांचं झालं. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा इंजिनातला छोटा स्विच. आरएक्स १०० ला यात ओढू नका. तिच्या सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, करंट मॅग्नेटोतून (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातून) मिळतो, बॅटरी मेली तरी ठिणगी पडते.

१२ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीचा रोध साधारण ३.५ ओहम धरा. बॅटरी १२.४ व्होल्ट देत असेल तर करंट साडेतीन अँपिअर. आता फ्यूज, चावीचा स्विच आणि कनेक्टर मिळून फक्त अर्धा ओहम वाढवा. करंट ३.१ वर येतो आणि कॉइलला मिळतात जेमतेम १०.९ व्होल्ट. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते, त्यामुळे ठिणगीची ताकद जवळजवळ पाव भागाने घटते. गाडी आयडलला गोड चालते, चढावर अॅक्सिलरेटर पिळला की अडखळते, कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

मीटर फसवतं ते इथेच. मी कॉइलची वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावलं होतं आणि १२.४ बघून वायरिंगला क्लीन चिट दिली होती. मीटर करंट जवळपास घेतच नाही. करंट नाही तर अडथळ्यात व्होल्टेज पडत नाही. तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी तो आकडा पूर्ण दिसतो. पॉइंट उघडे असले तरी हीच फसगत.

म्हणून वायर जागेवर ठेवा, किक हळूच दाबून पॉइंट मिटवा, चावी चालू करा. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बघा. तिथेच आकडा ११ च्या खाली घसरला तर दोष बॅटरीचा, आणि मग गळती शोधायची. बॅटरी ठाम असेल तर मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं कॉइलला जिथून करंट येतो त्या टोकावर. येणारा आकडा म्हणजे वाटेत खाल्लेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. माझ्या गाडीत १.६ आला. मग एकेक टप्पा: फ्यूज होल्डर ०.२, चावीच्या स्विचच्या दोन टोकांत १.३. अर्ध्या मिनिटात चावी बंद करायची, नाहीतर कॉइल तापते.

स्विच उघडला तर आतलं पितळ हिरवंगार. समुद्र दोन किलोमीटरवर, वर चार महिने पाऊस. दुसरं काय होणार? समई आपण चिंच-कोकमाने घासतो, तो प्रयोग इथे नको. आंबटाचा अंश राहिला की पुन्हा कळकतं. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि वरून व्हॅसलीनचं बोट. १.३ चे ०.१ झाले.

अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परततो ती बाजूही अशीच मोजा, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. फ्रेम नव्याने रंगवलेल्या गाड्यांत अर्थचा बोल्ट रंगावरच बसवलेला असतो, आणि मालक मात्र प्लग बदलत बसतो.

गळती बघायची तर चावी बंद, बॅटरीची मायनस वायर सोडवायची आणि मधे मीटर अँपिअरवर, आधी १० अँपिअरच्या खोबणीत. पॉइंटच्या साध्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. नसेल तर फ्यूज काढा. आकडा पडला तर चोर फ्यूजच्या पुढे, मग रेक्टिफायरची जोडणी सुटी करून बघा. या वेळी सवयीने चावी फिरवू नका. माझ्या मीटरचा फ्यूज तसाच गेला.

सुरुवातीला काढलेली ती बॅटरी शेजारच्या पायलटने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याने, मागून नेली. त्याच्या पिवळ्या मडगार्डच्या गाडीत ती अजून चालते.