वेकसर्फचा बोर्ड निवडताना: आधी बोट, मग वजनकाटा

उजनीच्या फुगवट्यावर मागे इंजिन लावलेली मच्छीमारांची होडी सुटताना एकदा नीट बघा. सुरुवातीला ती नुसती सरकते आणि पाण्यावर बारीक लहरी उठतात. मग होडीवाला रेस देतो. नाक वर उचललं जातं, मागचा भाग पाण्यात दबतो आणि पाठीमागे पाण्याचा एक उंचवटा उभा राहतो. इंजिन जीव तोडून ओरडत असतं, होडी मात्र त्या मानाने पळत नसते. आणखी रेस दिली की नाक खाली येतं, होडी पाण्याच्या अंगावर चढते, सुसाट निघते आणि मागची लाट चक्क लहान होते. होडीवाल्याला तो मधला टप्पा नकोसा असतो, कारण तिथे तेल जास्त जातं आणि अंतर काही कापलं जात नाही. वेकसर्फिंग नावाचा अख्खा खेळ मात्र त्याच मधल्या टप्प्यावर उभा आहे.

खेळ असा: बोटीला बांधलेली दोरी धरून बोर्डावर उभं राहायचं, लाट सापडली की दोरी सोडून द्यायची आणि बोटीच्या मागे दोन-तीन मीटरवर तिच्याच लाटेवरून घसरत राहायचं. बोटीचा वेग ताशी 16 ते 19 किलोमीटर. वेकबोर्डिंग वेगळं, तिथे पाय बांधलेले असतात, दोरी सोडायची नसते आणि वेग तिशीच्या पुढे असतो.

सोलापुरात हा खेळ रुजलेला नाही. पण सोलापूरची पोरं टेक्सासात आहेत, दुबईत आहेत, आणि तिथे शनिवार-रविवारी तळ्यावर जातात. आमच्या भाचीचा फोन आला तो यासाठीच. "मामा, माझी उंची पाच-सात. पाच फुटी बोर्ड घेतला तर चालेल ना?" म्हटलं, उंचीचं सोड, बोट कुठली आणि वजन किती ते सांग. "वजन कशाला ओ विचारताय मामा!" तर वजन का, आणि त्याच्याही आधी बोट का, हे जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

बोट पाण्यातून जाते तेव्हा लाटा उठवते आणि त्या लाटा तिच्याच चालीने तिच्यासोबत चालतात. खोल पाण्यातल्या लाटेची चाल तिच्या लांबीवर ठरते: लांब लाट जोरात धावते, आखूड लाट सावकाश. ताशी 12 किलोमीटरला लाटेची लांबी साधारण 7 मीटर येते. म्हणजे 7 मीटर लांबीच्या बोटीच्या नाकाशी एक शिखर आणि शेपटाशी दुसरं. त्यापेक्षा वेग वाढवला की लाट बोटीपेक्षा लांब होते, मागचं शिखर सुटून मागे राहतं आणि बोटीचा मागचा भाग दोन शिखरांमधल्या खळग्यात बसतो. स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ तिला चढावा लागतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती त्यात ओढल्या, आणि वेग व लांबी यांचं हे नातं मोजून दाखवलं. आजही जहाजबांधणीत त्याच्याच नावाचा आकडा वापरतात. बोटीचा वेग भागिले, गुरुत्वत्वरण गुणिले बोटीची लांबी याचं वर्गमूळ. हा आकडा 0.5 च्या आसपास आला की लाटा उठवण्यात वाया जाणारी ताकद शिगेला पोचते. 7 मीटरची बोट ताशी 18 किलोमीटरने हाकली तर तो 0.6 येतो. जहाजवाले जिथून पळ काढतात, नेमकी तिथे वेकसर्फवाले बोट अडकवून ठेवतात.

म्हणून वेगातला एखाद-दुसरा किलोमीटर इथे फार महत्त्वाचा. ताशी 16 ला लाटेची लांबी साडेबारा मीटरच्या आसपास, 19 ला जवळजवळ 18 मीटर. हळू चालवली तर लाट आखूड आणि खडी, जोरात चालवली तर लांब आणि सपाट. बोर्ड नवा असताना लाट जमत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी आधी वेग अर्ध्या किलोमीटरने वरखाली करून बघावा. पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट वजनाची, पण बोटीच्या. बोट जेवढी जड, तेवढं पाणी ती बाजूला सारते, आणि सारलेलं पाणी मागे येऊन मिटतं तेव्हाच लाट उभी राहते. त्यामुळे या खेळाच्या बोटींत टाक्या असतात. तळ्याचं पाणी पंपाने आत घ्यायचं, संध्याकाळी सोडून द्यायचं. लिटरला किलो, हिशेब सोपा. रिकामी बोटच दोन-अडीच टनांची, त्यावर टन-दीड टन पाणी सहज चढतं. शिवाय दोन्ही बाजूंनी आलेलं पाणी एकाच वेळी मिटलं तर नुसता फेस होतो. पूर्वी त्यावर उपाय म्हणून एका बाजूला जास्त वजन टाकून बोट तिरकी करायचे. आता मागच्या कडेला एक पाती असते, ती बाहेर आली की एका बाजूचं पाणी जरा उशिरा मिटतं आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ, गुळगुळीत उतार तयार होतो. डावा पाय पुढे ठेवून उभे राहणारे सहसा बोटीच्या डाव्या लाटेवर जातात, उजवा पुढे ठेवणारे उजव्या.

आता बोर्ड. पहिला गैरसमज असा की बोर्ड माणसाला तरंगवतो. तीस लिटरचा बोर्ड पूर्ण बुडवला तरी आर्किमिडीजच्या नियमाने त्याला वरचा रेटा मिळणार तीस किलोचा, त्यातून बोर्डाचं स्वतःचं वजन वजा. पंचाहत्तर किलोचा माणूस थांबलेल्या बोर्डावर उभा राहिला तर कमरेच्याही वरपर्यंत पाण्यात जाईल. त्याला वर धरतो तो वेग. तळ्यात चपटा दगड मारून भाकऱ्या काढतो तेव्हा दगड तरंगत नसतोच. तिरका येऊन पाणी दाबतो आणि पाणी त्याला परत वर ढकलतं. बोर्डाचंही तसंच. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. या वेगाने येणाऱ्या पाण्याचा दाब चौरस मीटरला सव्वा टनाच्या घरात जातो. पाच फुटी बोर्डाचा सुमारे अर्धाच तळ पाण्याला टेकलेला असतो, तोही थोडासाच तिरका, त्यामुळे यातला लहानसा वाटा हाती लागतो. पण पंचाहत्तर किलोला तो पुरतो. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. बोट 18 वरून 16 वर आली तर उचल पाचव्या हिश्शाने कमी. वेगात फरक दोनच किलोमीटरचा, पण बोर्ड एकदम जड झाल्यासारखा वाटतो.

आणि पुढे कोण ढकलतं? दोरी तर सोडलेली. पुढे ढकलतो लाटेचा उतार. उतार 10 अंशांचा धरला तर तुमच्या वजनाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा जोर पुढच्या दिशेने मिळतो. 75 किलोच्या माणसाला सुमारे 13 किलोचा. पाण्याचा अडथळा त्याच्या आत राहिला तर तुम्ही लाटेवर टिकता, बाहेर गेला की मागे पडता आणि बोट निघून जाते. अडथळा येतो दोन वाटांनी. एक, बोर्ड जितका तिरका होऊन पाणी दाबतो, तितक्या प्रमाणात पाणी त्याला मागे रेटतं. दुसरी वाट घर्षणाची. जेवढा तळ ओला, तेवढं घर्षण.

सगळी निवड इथे ठरते. बोर्ड लहान आणि माणूस जड असेल तर पुरेशी उचल मिळवायला बोर्डाला नाक जास्त वर करावं लागतं. उतार 10 अंशांचा आणि बोर्डही 10 अंश तिरका झाला, तर उताराने दिलेला सगळा जोर तिथेच संपला, घर्षणासाठी काही उरलंच नाही. अशा माणसाला लोक सांगतात, पुढच्या पायावर वजन टाक. तो टाकतो, नाक पाण्यात घुसतं, तो तोंडावर पडतो. चूक त्याची नसते, बोर्डाच्या क्षेत्रफळाची असते. उलट बोर्ड फार मोठा घेतला तर तिरकेपणा कमी लागतो, पण घर्षण वाढतं आणि तो वळायला आळशी होतो. नवशिक्याला ही दुसरी अडचण फारशी जाणवत नाही. म्हणून शंका असेल तर मोठ्याकडे झुकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोट आधी का, तेही आता दिसेल. हलकी, कमी पाणी भरलेली बोट 7 अंशांचाच उतार देत असेल, तर जोर वजनाच्या आठव्या हिश्शावर येतो. तोच माणूस, तोच बोर्ड. मोठ्या बोटीमागे आरामात चालतो, लहान बोटीमागे दोरी सुटत नाही. मित्राच्या बोटीवर झकास चाललेला बोर्ड विकत घेऊन आपल्या बोटीवर फसणारे याच गणितात फसतात. यात उंची कुठेच आली नाही, हे लक्षात आलं असेल. उंची आडून येते इतकीच, की उंच माणसाचे पाय जरा लांब-लांब पडतात.

आकडे हवेच असतील तर ढोबळमानाने असे: चांगली लाट असेल तर 60 किलोच्या माणसाला साडेचार फुटांचा बोर्ड, 75-80 किलोला पाच फुटांच्या आगेमागे, 95 किलोच्या पुढे सव्वापाच ते साडेपाच. बोट लहान असेल तर त्यात दोन-चार इंच वाढवावेत. कंपन्या प्रत्येक बोर्डासाठी वजनाची मर्यादा देतात. माझ्या आकड्यापेक्षा ती धरावी, कारण रुंदी आणि जाडी प्रत्येकाची वेगळी. घरात एकच बोर्ड घ्यायचा तर सगळ्यात जड माणसाच्या मापाने घ्या. हलक्या पोराला मोठा बोर्ड चालून जातो, जड बापाला छोटा चालत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. एक जात जाड, तळाला दोन ते चार पंख असलेली. ती सरळ चालते, वेग धरते. दुसरी पातळ, पंख अगदी छोटे. ती गोल फिरवता येते, पण निसटतेही पटकन. शिकायला पहिली. नाकाशेपटाचा बाक खड्या, आखूड लाटेवर कामाला येतो. सपाट लांब लाटेवर तोच बाक वेग खातो.

पण बोटीबाबत एक गोष्ट अशी आहे जिथे निवडीला जागाच नाही. उजनीवरच्या होड्यांना इंजिन मागे लटकवलेलं असतं आणि पंखा होडीच्या मागच्या कडेच्याही बाहेर फिरतो. दोन-तीन मीटरवर माणूस घसरत असताना तो पुढे पडला तर सरळ पंख्यावर. अशा होडीमागे वेकसर्फ करायचंच नाही, बोर्ड कुठलाही असो, चालवणारा कितीही सराईत असो. या खेळाच्या बोटींत पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेपासून बराच आत असतो. तिथेही धुराचा कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या पाठीशी घुटमळतो. त्याला वास नसतो, म्हणून मागच्या फळीवर गप्पा मारत बसू नये. आणि लाट मोठी व्हावी म्हणून साध्या होडीत एका बाजूला माणसं भरायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच मोडावी. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, ते याच पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट हवंच.

उजनीत जलपर्यटनाच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा हा खेळ इथे जमेल का असंही कुणी विचारतं. पाणी गोडं, म्हणजे समुद्रापेक्षा अडीच टक्के हलकं. त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते खोलीने. अडीच मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला 5 मीटरपेक्षा जोरात धावूच शकत नाही, आणि बोटीचा वेग तर तेवढाच. तिथे बोट चिखलात रुतल्यासारखी ओढली जाते, लाट फुटते, तळाचा गाळ वर येतो. निदान पाच मीटर पाणी हवं, आठ असेल तर लाटेला तळाचा पत्ताच लागत नाही. धरणाशी खोली आहे, पण फुगवट्याच्या कडा उथळ, आणि पाणी किती असेल हे महिन्यावर ठरतं. उजनी मायनसमध्ये गेली की, म्हणजे उपयुक्त साठा संपून त्रेसष्ट टीएमसीच्या मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाण्याखाली काय-काय आहे याचा अंदाज त्यावरून यावा: देवळं, जुनी गावं, झाडांचे बुंधे, वर मच्छीमारांची जाळी. शिवाय मोठी लाट काठाला जाऊन आदळते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 2022 मध्ये मोजमाप करून सांगितलं की साधी बोट काठापासून 60 मीटरवर असताना जेवढी लाट काठाला पोचते, तेवढ्यावर आणायची तर वेकसर्फची बोट 150 मीटर लांब ठेवावी लागते. रोहित पक्षी उथळ चिखलात चरत असतात त्या बाजूला तर नकोच.

भाचीने शेवटी वजन सांगितलं, बोटीचं नावही कळवलं. ते मी इथे लिहिणार नाही. बोर्ड पाच फुटी नको, चार फूट आठ इंचांचा बघ म्हणालो. जुना मिळाला तरी चालेल, फक्त पंख बसवलेल्या खाचांच्या भोवती अंगठ्याने दाबून बघायचं. मऊ लागलं किंवा कचकन आवाज आला तर आत पाणी शिरलेलं आहे, घ्यायचा नाही. आणि बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही. आतला फोम तापला की वरचा थर फुगून सुटतो. टेक्सासचं ऊन आपल्या मे महिन्यासारखंच, ते तिला सोलापूरच्या माणसाने वेगळं सांगायला नको होतं, तरी सांगितलं.