एएमडी तापतो म्हणे!

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये पीसी जुळवायला गेलात की बरोबरचे एखादे काका हमखास बजावतात, "एएमडी नको रे, फार तापतो. आपल्या उन्हाळ्यात टिकायचा नाही." एएमडी आणि इंटेल या पीसीचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बनवणाऱ्या दोन कंपन्या.

ही बदनामी अगदीच बिनबुडाची नव्हती. एएमडीचा 2013 चा एफएक्स-9590 हा तब्बल 220 वॉटचा प्रोसेसर; आणि जितके वॉट जास्त, तितकी उष्णता जास्त. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या साध्या कूलरचं तिथे काही चालायचं नाही. पण 2017 मध्ये एएमडीचाच रायझन आला आणि चित्र पालटलं. आज इंटेलचा आय9-14900के कंपनीच्याच आकड्यांनुसार 253 वॉटपर्यंत जातो. रायझन 7 7800एक्स3डी 120 वॉटचा, आणि गेम खेळताना त्याहूनही कमी वीज खातो. उलट इंटेलचाच आय3-12100 घ्या, तो 89 वॉटवर थांबतो. तेव्हा मॉडेल बघा, कंपनीचं काय घेऊन बसलात!

खरा घोळ अंशांचा आहे. रायझन 9 7950एक्स पूर्ण भारावर 95 अंशांना टेकतो, हे बघून लोक हादरतात. तो बनवलाच तसा आहे; थंडावा मिळेल तेवढा वेग वाढवत तो 95 पर्यंत जातो. खोली किती तापणार हे मात्र वॉटवर ठरतं. आणि मे महिन्यात खोलीच डिसेंबरपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण तितकाच वर सरकणार, डब्यावर नाव कुणाचंही असो.

किमतीचं म्हणाल तर रायझन 5 5600 च्या डब्यात कूलर येतो, 14900के ला तो वेगळा घ्यावा लागतो. घरच्या साध्या कॉम्प्युटरकामाला 65 वॉटचा 5600 पुष्कळ झाला. उरलेले पैसे एसएसडीत, म्हणजे फायली साठवायच्या वेगवान डिस्कमध्ये, घाला.