पूल मुलाने बांधला, पण गणित कुणी केलं?

आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल हस्तकलेच्या तासालाही होतो आणि अभियांत्रिकीच्या प्रकल्पातही. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे पालकच काय, शिक्षकही दोन्हींना ‘कृतीतून गणित’ म्हणून मोकळे होतात.

हस्तकलेत आकडे आधीच ठरलेले असतात: बारा काड्या घ्या, इथे चिकटवा, तिथे दुमडा. मूल मोजतं खरं, पण ते सांगितलेलं मोजतं. प्रकल्पात आकडा मुलाने ठरवायचा असतो आणि तो चुकला तर वस्तूच दाद देत नाही. माझ्या मते खरा फरक एवढाच.

पुस्तकांच्या दोन थप्प्या २० सेंटीमीटर अंतरावर ठेवा आणि ए-४ कागदाचा पूल करायला सांगा. बरीच मुलं कागद बरोबर २० सेंटीमीटरला कापतात. तो टेकणार कशावर? मग दोन्ही बाजूंना थोडा जास्त हवा, हे त्यांचं त्यांनाच कळतं. सपाट कागद नाण्याच्या वजनानेच वाकतो. पंख्यासारख्या चुण्या लांबीच्या दिशेने घातल्या की बराच भार पेलतो. चुणी केवढी घालायची? कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर. पट्ट्या तीन सेंटीमीटरच्या केल्या तर सात, एकच्या केल्या तर एकवीस. उंच चुण्या ताठ राहतात, पण ओझ्याखाली फाकतात. इथे भागाकार कुणी ‘शिकवत’ नाही, तो लागतो म्हणून केला जातो.

चौकोनाचंही तसंच. दहा सेंटीमीटरच्या चार पट्ट्या टाचणीने जोडल्या की चौकोन डुगडुगतो. तिरपी पाचवी पट्टी तेवढ्याच लांबीची लावली तर ती बसते, पण चौरस चेपून समभुज चौकोन होतो. चौरस चौरसच राहायला हवा असेल तर साधारण १४ सेंटीमीटर लागतात. पायथागोरसचं नावही न ऐकलेलं मूल हे मोजून काढतं.

अगदी लहानग्यांना सेंटीमीटर नको. ठोकळ्याने किंवा वितीने मोजू द्या. आणि मोठ्यांनी पूल पडण्याआधी हात पुढे करू नये, हे बोलायला सोपं, पाळायला महाकठीण.

हस्तकला कमी दर्जाची असं मात्र नाही. कात्री धरणं, रेषेवर घडी घालणं तिथेच जमतं, आणि ते न जमलेल्या मुलाचा पूल गणित बरोबर असूनही पडतो. पाढ्यांचा सराव या दोन्हींत होत नाही. तो वेगळाच करून घ्यावा लागतो.