मुंबईतल्या पोस्टडॉकच्या जाहिरातीमागे काय आहे

विद्यापीठाची पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागेची, जाहिरात वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो: एवढं मोठं विद्यापीठ, मग जागा ‘प्रकल्प संपेपर्यंत’च का? उत्तर पैशाच्या वाटेत आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडनच्या धर्तीवर निघालं. कॉलेजांना संलग्नता देणं, परीक्षा घेणं, पदव्या देणं एवढंच त्याचं काम. स्वतःचे संशोधन करणारे विभाग फार उशिरा आले: 1919 मध्ये समाजशास्त्र, 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान, म्हणजे आजची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयसीटी. मंजूर पदं होती ती शिकवणाऱ्यांची. पीएच.डी. झाली पण नोकरी नाही, अशा माणसाची सोय त्या रचनेत नव्हती.

ती सोय दिल्लीहून झाली. परदेशातून परतलेले शास्त्रज्ञ नोकरीअभावी पुन्हा जाऊ नयेत म्हणून 1958 मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू झाला. तो सीएसआयआर, म्हणजे केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, चालवी. माणूस विद्यापीठात बसे, पगार मात्र बाहेरून येई. पुढे रिसर्च असोसिएट, म्हणजे आरए, याच वाटेने आले: पगार बाहेरून मंजूर झालेल्या प्रकल्पाच्या निधीतून, म्हणून जागाही प्रकल्पाएवढीच. 2015-16 मध्ये एसईआरबीने, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय मंडळाने, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप काढली. एसईआरबी आता एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालं आहे. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिच्यासारख्या, केंद्राकडून थेट अनुदान मिळणाऱ्या संस्थांचं गणित वेगळं. तिथला पोस्टडॉक ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणून येतो, त्यामुळे ‘पोस्टडॉक’ एवढंच शोधणाऱ्याच्या नजरेतून ती जाहिरात सुटते.

आरएसाठी पीएच.डी. लागतेच असंही नाही. एम.टेक.नंतर तीन वर्षांचा संशोधनाचा अनुभव आणि एससीआय या मान्यताप्राप्त सूचीतल्या नियतकालिकात एक पेपर असला तरी नियमात बसतं. जून 2023च्या केंद्रीय आदेशानुसार आरएच्या तीन पायऱ्या 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये. वर घरभाडं, मुंबई ‘एक्स’ वर्गात, म्हणजे सर्वाधिक घरभाड्याच्या शहरांत, असल्याने 30 टक्क्यांच्या दराने पहिल्या पायरीवर 17,400. हॉस्टेलची खोली घेतली की हे भाडं बंद. शिवाय जुन्या दराने मंजूर झालेल्या प्रकल्पात नवा आकडा आपोआप लागू होईल असं धरून चालू नये. फरकाची तरतूद आधी निधी देणाऱ्याने मान्य करावी लागते.

खरी अडचण प्रकल्पाचा निधी ज्या हप्त्यांत येतो त्यांची. पुढचा हप्ता सुटायला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामी वापरल्याचा दाखला, आणि खर्चाचा ताळेबंद लागतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, मग हिशेब तपासणीत अडकतो आणि एप्रिलपासून काही महिने पगार थकतो. यात गाइडचा दोष असतोच असं नाही. म्हणून मुलाखतीत मंजुरीपत्राची तारीख, उरलेले महिने आणि मागचा हप्ता कधी आला हे सरळ विचारावं. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप घ्यायची असेल, तर जिथून पीएच.डी. केली ती संस्था चालत नाही, हे गाइड शोधायच्या आधीच पाहावं.

एवढं करून हाती काय लागतं? यूजीसीच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या छाननीत अध्यापन वा पोस्टडॉकच्या दर वर्षाला 2 गुण आहेत, कमाल 10. अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख नीट नसेल, तर तेही हातचे जातात.