बी. बी. किंग वेगळा, अल्बर्ट किंग वेगळा: लाइव्ह अल्बम ऐकताना नेमकं काय ऐकायचं

कॉलेज रोडवरचा कॅफे असो, कसारा घाट उतरताना कुणाच्या गाडीतला स्पीकर असो, नाहीतर गंगापूर रोडला कुणाच्या गच्चीवर जमलेली मंडळी असोत, ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्यातली गिटार लागली की कुणीतरी मान डोलावत हमखास म्हणणार, 'बी. बी. किंग ना? क्या बात है.' आणि वाजत असतो अल्बर्ट किंग. बरं, सांगितलं की अहो हा अल्बर्ट आहे, तर पुढचं वाक्य ठरलेलं, 'हां हां, तेच ते, दोघं भाऊच ना, सारखंच वाजवतात.' मला याचा खरंच त्रास होतो. भाऊ नाहीत, आणि सारखं तर अजिबातच वाजवत नाहीत. फरक एकदा कानाला लागला की एका सुरात कळतं कोण आहे ते, गाणं ओळखीचं नसलं तरी. म्हणून एकदाच नीट लिहिते.

भावाचं प्रकरण आधी उरकून घेऊ. बी. बी.चं खरं नाव रायली बी. किंग, जन्म १९२५ चा, मिसिसिपीतला. अल्बर्टचं मूळ आडनाव नेल्सन, तो १९२३ चा, तोही मिसिसिपीकडचाच. बी. बी.चं नाव गाजायला लागल्यावर यानं किंग आडनाव लावलं, बी. बी.च्या गिटारचं नाव ल्युसिल म्हणून आपल्या गिटारला ल्युसी म्हणायला लागला, आणि आपण सावत्र भाऊ आहोत असंही लोकांना सांगायचा. एवढंच आहे ते. फ्रेडी किंग तिसरा, टेक्सासचा, त्याचंही या दोघांशी काही नातं नाही, त्याला आज बाजूलाच ठेवू.

बी. बी. तुम्ही ऐकलेला आहे असं मी धरून चालते, कारण ब्लूज म्हटलं की सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. तुलनेसाठी दोन अल्बम घेऊ. बी. बी.चा 'लाइव्ह ॲट द रीगल', २१ नोव्हेंबर १९६४ ला शिकागोच्या रीगल थिएटरात रेकॉर्ड झालेला, बाजारात आला १९६५ मध्ये. आणि अल्बर्टचा 'लाइव्ह वायर/ब्लूज पॉवर', जून १९६८, सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर हे सभागृह. दोन्ही चाळीस मिनिटांच्या आतले आहेत, एका संध्याकाळी दोन्ही ऐकून होतात, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही.

वरवरचे फरक भराभर सांगते. बी. बी.ची गिटार गोलसर अंगाची गिबसन, अल्बर्टची इंग्रजी व्ही आकाराची, फोटोत ओळखायला उपयोगी, कानाला काहीच उपयोग नाही. रीगलमध्ये मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आहेत, फिलमोरमध्ये ऑर्गन आहे. बी. बी. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने वाजवतो, अल्बर्ट अंगठ्याने. गायची एक ओळ, मग तोंड बंद आणि गिटारचं उत्तर, हे फक्त बी. बी.चं वैशिष्ट्य म्हणून सांगणारे बरेच भेटतात, पण ते दोघांतही आहे, त्यावरून ओळखायला जाल तर फसाल.

आता जिथे सगळे अडकतात तिथे येऊ. लोक म्हणतात, 'दोघंही तारच ओढतात की.' बरोबर आहे, ओढतात. गिटारची तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, दाबून बाजूला सरकवली की ताण वाढतो आणि सूर चढतो, त्याला बेंड म्हणतात. तेच अगदी थोडंसं सरकवून सोडलं, परत सरकवलं, परत सोडलं, असं भराभर केलं की व्हायब्रेटो. हाताची क्रिया एकाच जातीची, म्हणून तर गिटार क्लासला दोन-दोन वर्षं जाणारी पोरंही याची सरमिसळ करतात. पण ऐकताना हे दोन पूर्ण वेगळे अनुभव आहेत. बी. बी. व्हायब्रेटोवर जगतो, अल्बर्ट बेंडवर.

बी. बी. काय करतो बघा. सुरावर येतो, तिथे ठाण मांडतो, आणि बसल्या जागी तो सूर थरथरवतो. पहिलं बोट तारेवर घट्ट, अंगठा गिटारच्या मानेपासून सुटलेला, आणि सगळा पंजा मनगटातून झुलतोय. कुठलाही व्हिडिओ काढून डावा हात बघा, लगेच दिसेल. हे आलं कुठून तर त्याच्या आईचा चुलतभाऊ बुका व्हाइट स्लाइड वाजवायचा, म्हणजे तारेवर नळी फिरवून, आणि त्या नळीने जो थरथरता आवाज येतो तो बी. बी.ला फार आवडायचा, पण स्लाइड काही त्याला जमेना, मग तो आवाज नुसत्या बोटाने काढायच्या खटपटीत हा व्हायब्रेटो तयार झाला. त्यामुळे त्याला जास्त सुरांची गरजच पडत नाही. एक सूर लावला, धरला, हलवला, झालं, सगळं बोलून झालं.

अल्बर्टचा सूर बसतच नाही, तो प्रवासात असतो. आणि हे समजायला आपल्याला, म्हणजे मराठी कानांना, एक मोठी सोय आहे, ती म्हणजे सतार. मी लहानपणी पंचवटीत सतार शिकायला जायचे, तिथे आमच्या बाई मींड घोटून घ्यायच्या, एकाच पडद्यावर तार खाली ओढून पुढचे दोन-तीन सूर काढायचे, आणि त्यांचं एक वाक्य कायम असायचं, 'मधलं गिळू नकोस गं, मधलंच ऐकायचं असतं.' अल्बर्ट किंग म्हणजे तंतोतंत हे. नुसतं ऐकायला तसं वाटतं एवढंच नाही, हात सुद्धा त्याच दिशेने जातो.

कसा ते सांगते. अल्बर्ट डावखुरा. पण त्यानं डावखुऱ्यांसाठी तारा उलट्या लावून घेतल्या नाहीत, उजव्या हाताच्या माणसाची लावलेली गिटार तशीच उलटी करून धरली. त्यामुळे सगळ्यात बारीक तार, जी एरवी जमिनीकडच्या बाजूला असते, ती याच्याकडे वर, छातीच्या बाजूला आली. बाकीचे गिटारवाले बारीक तार वर ढकलतात, हा ती खाली जमिनीकडे खेचतो, सतारीवर खेचतात तशीच. ढकलण्यापेक्षा खेचताना जोर किती जास्त लावता येतो हे वेगळं सांगायला नको. त्यात माणूस सहा फुटांहून बराच उंच, पंजे दणकट, आणि तारा नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा खाली उतरवलेल्या, म्हणजे सैल. हे सगळं एकत्र आलं की तार इतकी वाकते की बोट आहे तिथेच राहून तीन फ्रेट पुढचा सूर निघतो, कधी कधी त्याच्याही पुढचा.

पण किती वर गेला यापेक्षा कसा गेला हे महत्त्वाचं आहे, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं. ब्लूजचा गंधार हा कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो. बाकीचे तिथून जातात, अल्बर्ट तिथे थांबतो. एकच तार, एकच जागा, चार वेळा छेडतो आणि चारही वेळा वेगळ्या उंचीला नेतो, एकदा अर्धवट सोडून देतो, एकदा पार वर, एकदा वर जाऊन कुरकुरत खाली. कधी तर तार आधी गुपचूप खेचून ठेवतो, मग छेडतो आणि सोडतो, म्हणजे सूर जन्माला येतो तोच खाली घसरत. क्लासमधली पोरं टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद, वाचून हे वाजवतात, टॅबमध्ये एक वर जाणारा बाण आणि 'फुल' असं लिहिलेलं असतं, की झाला बेंड. बाण किती वेळात वर जायचा, वाटेत कुठे रेंगाळायचं, हे त्या कागदावर नसतं आणि सगळं संगीत नेमकं तिथेच आहे. टॅबवरून अल्बर्ट किंग शिकू नका, कृपा करून. कानाने शिका, सावकाश शिका.

घरी करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे, मी सगळ्यांना हीच सांगते. रीगलमधलं 'वरी, वरी' लावा, सुरुवातीलाच मोठा गिटारचा तुकडा आहे. बी. बी. एखादा लांब सूर धरेल तेव्हा तोच सूर तोंड मिटून गुणगुणायचा. जमेल. तुमचा आवाज एका जागी सरळ उभा राहील आणि गिटार त्याच सुराला धरून लकाकत राहील. आता 'ब्लूज पॉवर' हे गाणं लावा आणि तसंच करा. जमणार नाही, तुमचा सूर मागे राहील आणि गिटार निघून गेलेली असेल, तिला गाठायचं तर आवाज ओढावा लागतो, मींड घेतो तसा. जिथे आवाज स्थिर ठेवता आला तो बी. बी., जिथे ओढावा लागला तो अल्बर्ट. यात गिटार येण्या-न येण्याचा काही संबंध नाही. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर अभंग आणि नाट्यगीतांपलीकडे फारसं काही ऐकलेलं नाही, त्यांना हे पहिल्या झटक्यात कळलं. 'हा दुसरा विनवणी करतोय गं,' म्हणाल्या.

कुणीतरी म्हणेलच की बी. बी. पण बेंड करतो आणि अल्बर्ट पण तार हलवतो. करतात की. पण बी. बी.चा बेंड हा पोचण्यासाठी असतो, चटकन वर गेला, हवा तो सूर सापडला, की लगेच त्याचं थरथरणं सुरू. अल्बर्ट वर पोचल्यावर हलवतो ते दमलेल्या हाताने हलवल्यासारखं, जरा मोठं, जरा ओबडधोबड. म्हणून बेंड आहे की नाही एवढं बघून ओळखू नका, कान कुठे गुंततोय ते बघा, पोचलेल्या सुरात की वाटेत.

दोन्ही अल्बमवर एक गाणं सामाईक आहे, 'प्लीज लव्ह मी'. बी. बी.चंच जुनं गाणं, अल्बर्टनं फिलमोरला घेतलंय. ही दोन लागोपाठ ऐका, गाणं एकच असल्यामुळे फरक करायला फक्त हात उरतो.

लाइव्हच का ऐकायचं, स्टुडिओतली रेकॉर्डिंग का नाही, तर स्टुडिओत दोघंही तीन मिनिटांत आटपतात आणि एका सुरावर रेंगाळायला जागाच नसते. शिवाय समोर माणसं असली की हात वेगळा चालतो. रीगल हे शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतलं त्यांचं स्वतःचं थिएटर, तिथल्या लोकांना ही गाणी पाठ, बी. बी. ओळ पुरी करायच्या आत ते किंचाळतात. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट'मध्ये सात मुलांचा उल्लेख येतो ना, तिथे जो कल्लोळ उठतो तो मी कितीही वेळा ऐकला तरी अंगावर येतो. फिलमोरला बहुतेक गोरी तरुण पोरं, त्यांना हे नवीन, म्हणून अल्बर्ट त्यांना बोलून समजावतो की ब्लूज सगळ्यांनाच कळतो, पाळण्यातल्या बाळाला दुधाची बाटली वेळेवर मिळाली नाही तर त्यालाही ब्लूजच होतो, म्हणजे तेही उदास होतं. आणि मग लगेच गिटारवर ते रडणं काढून दाखवतो. वाटेत थांबणारा सूर, सरळ न लागणारा, तो तिथे रडण्यासारखाच ऐकू येतो, ते बाळाचं उदाहरण उगाच दिलेलं नाही.

एक विनंती, शफल बंद ठेवा. रीगलमध्ये 'स्वीट लिटल एंजल'पासून पुढची तीन गाणी एकात एक गुंफलेली आहेत, बी. बी. मधे बोलतो, बँड वाजतच असतो, आणि प्लेलिस्टवाले नेमका त्यातला एक तुकडा तोडून दुसऱ्याच कुणाच्या गाण्याशेजारी ठेवतात. टाळ्या मधेच कापलेल्या ऐकल्या की मला बंदच करावंसं वाटतं. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा.

आवड विचाराल तर सुरुवात रीगलने करा, पण कुणी मला दोघांतला एकच ठेव म्हणालं तर मी अल्बर्ट ठेवीन, बिनदिक्कत. बी. बी. आणखी हवा असेल तर १० सप्टेंबर १९७० चा कुक काउंटी तुरुंगातला अल्बम ऐका, सुरुवातीला तिथल्या शेरीफचं आणि न्यायाधीशाचं नाव घेतल्यावर कैदी जी हुर्यो उडवतात ती चुकवू नका. अल्बर्ट आणखी हवा असेल तर फिलमोरच्याच त्या दिवसांतलं उरलेलं रेकॉर्डिंग १९९० मध्ये दोन अल्बम करून काढलंय, एक बुधवारच्या रात्रीचा, एक गुरुवारच्या.

आणि हे सगळं पचलं की मग 'इन सेशन'. ६ डिसेंबर १९८३, कॅनडातल्या हॅमिल्टनचा टीव्ही स्टुडिओ, अल्बर्टसोबत स्टीव्ही रे वॉन, हा धाकटा ब्लूज गिटारवाला, जो याच्याच बेंडवर वाढला. अल्बम आला थेट १९९९ मध्ये. नाव न बघता कोण कधी वाजवतंय ते ओळखायचं. इथे व्हायब्रेटोची परीक्षा चालत नाही, दोघंही ओढणारेच, फक्त स्टीव्ही जाड तारा वर ढकलतो आणि अल्बर्ट सैल तारा खाली खेचतो. स्टीव्ही एका दमात दहा सूर टाकून जातो, अल्बर्ट त्यावर दोनच सूर लावतो, आणि दुसरा अजून वर पोचायचाच असतो.